वाकडं गाणं: डॅफ्ने बेटावर जन्मलेल्या एका घराण्याचं प्रकरण

प्रशांत महासागरातल्या गालापागोस द्वीपसमूहातल्या डॅफ्ने मेजर या बेटावर १९८१ साली एक फिंच, म्हणजे दाणे टिपणारा एक छोटा पक्षी, जाळ्यात अडकला. बेटावरचा नेहमीचा मध्यम भूफिंच, म्हणजे जिओस्पायझा फोर्टिस, साधारण सतरा-अठरा ग्रॅमचा असतो. हा भरला तीस ग्रॅमच्या आसपास. तिथे तोवर तोललेल्या सगळ्यात दांडग्या फोर्टिसहूनही हा पाचेक ग्रॅमनं जड होता. डोकं मोठं, चोच रुंद. पुढे तो गायला लागला, तर गाणंही बेटावरच्या कुणाशी धड जुळेना. पायात ५११० क्रमांकाचं कडं घालून त्याला सोडून दिलं. हाच एकटा नर पुढे एका नव्या घराण्याचा मूळपुरुष ठरला. प्रजाती कशी जन्मते याचं, माझ्या मते, सगळ्यात बारकाईनं नोंदलेलं प्रकरण इथून सुरू होतं.

'घराणं' हा शब्द मुद्दाम वापरतोय. मराठीत तो कुळालाही लागतो आणि गायकीलाही. या पक्ष्यांच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकमेकांत असे गुंतलेत की दुसरा शब्द चालणार नाही.

बेट आणि वही

डॅफ्ने मेजर म्हणजे समुद्रातून वर आलेलं ज्वालामुखीचं तोंड. क्षेत्रफळ जेमतेम ०.३४ चौरस किलोमीटर, उंची १२० मीटर. गोडं पाणी नाही, किनारा नाही. होडीतून कपारीवर पाय टाकायचा आणि वर चढायचं. राहायला ही जागा वाईट, पण अभ्यासाला सोन्यासारखी. बेट इतकं लहान की जवळजवळ प्रत्येक फिंच पकडता येतो, प्रत्येक घरटं मोजता येतं, कोण कुणाचं पिल्लू हे लिहून ठेवता येतं. प्रिन्स्टन विद्यापीठातलं पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून २०१२ पर्यंत दरवर्षी तिथे जाऊन हेच करत होतं.

काम कंटाळवाणं वाटावं असं. पक्षी जाळ्यातून सोडवायचा, मुठीत धरायचा, कॅलिपरनं चोचीची लांबी, उंची आणि रुंदी मोजायची, वजन घ्यायचं, पायात धातूचं एक आणि रंगीत अशी कडी घालायची. कड्यांच्या रंगांवरून दुर्बिणीतूनही पक्षी ओळखू येतो. १९८८ पासून त्यात आणखी एक गोष्ट आली: पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काढून कागदावर टिपून ठेवायचा. त्या काळी पक्ष्याचा अख्खा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, वाचायची सोय कुठेच नव्हती. तरी थेंब साठत गेले. ५११० हा पठ्ठ्या तेरा वर्षं जगला, त्यामुळे त्याचाही थेंब त्या साठ्यात आला. याचं महत्त्व पुढे कळेल.

गाणं बापाकडून येतं

भूफिंचमध्ये गातो फक्त नर, आणि तो जन्मभर एकच गाणं गातो. हे गाणं जनुकांतून येत नाही. अंड्यातून बाहेर पडल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत पिल्लू ते ऐकून शिकतं, बहुतेक वेळा बापाकडून. मादी गात नाही, पण तीही त्याच वयात ऐकते. मोठी झाल्यावर जोडीदार निवडताना तिच्या कानात बसलेलं असतं ते बापाचं गाणं, आणि डोळ्यांत बसलेला असतो बापासारखा बांधा. गाणारा आपल्यातला आहे की परका, हे ती या दोन खुणांवर ठरवते. दोन प्रजाती एकाच झुडपात राहूनही सहसा एकमेकींत मिसळत नाहीत त्या यामुळे.

५११० परक्या मुलखातून आला होता. त्यानं इथल्या फोर्टिसचं गाणं उचलायचा प्रयत्न केला असावा, पण ते वाकडंच बसलं. ग्रँट दांपत्यानं २००९ सालच्या शोधनिबंधात याला स्थानिक गाण्याची अपुरी नक्कल म्हटलं आहे. परगावचा माणूस दुसऱ्याची बोली बोलायला जातो आणि हेल मात्र स्वतःचा राहतो, तसं काहीसं. तरीही त्याला जोडीदारीण मिळाली. ती फोर्टिसच होती, पण तिच्यातही निवडुंग फिंचचा, म्हणजे जिओस्पायझा स्कँडेन्सचा, थोडा अंश होता. अशा संकरित माद्या बेटावर मोजक्याच. शुद्ध फोर्टिस मादीनं या दांडगोबाला उभं केलं असतं का, कोण जाणे.

पिल्लं झाली. मुलगे बापाचं गाणं शिकले आणि बापाची चूक त्यांनी अगदी बिनचूक उचलली. आता ती चूक राहिली नाही, ती त्या घरची गायकी झाली. मुली हेच गाणं ऐकत वाढल्या. मुलांचा बांधा फोर्टिसपेक्षा थोराड, चोच वेगळी, गाणं वेगळं. फोर्टिस माद्यांना या नरांत आपलं काही दिसेना, आणि या माद्यांना फोर्टिस नरांत. मग उरलं कोण? सख्खी आणि चुलत भावंडं. दुसऱ्या पिढीपासून हे कूळ आपसातच जोड्या करू लागलं. ग्रँट मंडळींनी या कुळाला 'बिग बर्ड' असं टोपणनाव दिलं.

मला हे प्रकरण सगळ्यात जास्त इथेच अडवून धरतं. नव्या प्रजातीभोवतीचं कुंपण म्हटलं की आपण शरीरातला एखादा मोठा बदल डोळ्यांपुढे आणतो: न जुळणारी गुणसूत्रं, वांझ संतती, घोडा-गाढव-खेचर. इथे तसलं काही नाही. फोर्टिस आणि बिग बर्ड यांची पिल्लं जगली नसती असं समजायला कारण नाही, कारण भूफिंचांचे संकर एरवी जगतात आणि वितातही. या कुंपणाची निम्मी तार ऐकण्यातून आणि शिकण्यातून विणली गेली होती. एक शब्दही न बोलणाऱ्या प्राण्यांत संस्कृतीनं प्रजननाची वाट अडवली.

सराट्याचं काटेरी फळ आणि दुष्काळ

डॅफ्नेवर कोरड्या वर्षांत पोट भरायला जे थोडं उरतं त्यात ट्रिब्युलस नावाची वेल महत्त्वाची. आपल्या सराट्याच्याच जातकुळीतली. तळपायात मोडलेला सराटा ज्यानं काढला असेल त्याला फळाची कल्पना येईल: काटेरी, लाकडासारखं कडक, वाळलं की पाच फाकांत सुटणारं. बी त्या फाकेच्या आत बंद. थोरला भूफिंच, जिओस्पायझा मॅग्निरोस्ट्रिस, फाक चोचीत आडवी धरून सरळ चिरडतो आणि आतल्या बिया खातो. फोर्टिसला ते जमत नाही. तो कोपरा पकडतो, पिरगळतो, झटके देतो आणि महत्प्रयासानं एखाददुसरी बी काढतो, आणि तेही ज्याची चोच जाड त्यालाच साधतं. चोचीच्या उंचीतला अर्ध्या मिलिमीटरचा फरक इथे जगण्या-मरण्याचा असतो. १९७७ च्या अवर्षणात बेटावरचे ८० टक्क्यांहून जास्त फोर्टिस मेले, आणि उरले ते सरासरीनं जाड चोचीचे.

पुढचा मोठा दुष्काळ २००३ ते २००५ चा. आधीच्या हिशेबानं या वेळीही जाड चोचीच्यांची चलती व्हायला हवी होती. झालं उलटं. १९८२ च्या अखेरीस मॅग्निरोस्ट्रिस बेटावर वस्तीला आले होते आणि २००४ पर्यंत त्यांची संख्या चांगलीच वाढली होती. त्यांनी ट्रिब्युलसचा फडशा पाडला. जाड चोचीच्या फोर्टिसवर उपासमार आली आणि बारीक बियांवर भागवणारे बारीक चोचीचे तगले. शेवटी मॅग्निरोस्ट्रिसही स्वतःच्याच खादाडीनं कोसळले. २००५ मध्ये बेटावर अवघे १३ मॅग्निरोस्ट्रिस आणि ८३ फोर्टिस शिल्लक होते.

आणि बिग बर्ड? चौथ्या पिढीत उरले दोन. एक भाऊ, एक बहीण.

दोघे भाऊच उरले असते तर हे लिखाण इथेच संपलं असतं. पाऊस परतल्यावर या बहीणभावानं जोडी केली आणि त्यांना एकूण २६ पिल्लं झाली. नऊ सोडून बाकी सगळी वाढून विणीला लागली. एका मुलानं आईशी जोडी केली, एका मुलीनं बापाशी, उरलेल्यांनी आपसात. रक्तातलं इतकं जवळचं नातं म्हणजे संतती दुबळी निघण्याची भीती. ती इथे कुळाला बुडवण्याइतकी खरी ठरली नाही. माझा अंदाज असा की आरंभीच दोन निराळ्या प्रजातींची जनुकं एकत्र आल्यानं या कुळाची शिदोरी मोठी होती, आणि ती एका अरुंद फटीतून गेल्यावरही पुरून उरली. शिवाय बाहेरची परिस्थितीही सोयीची होती. त्यांच्या चोचीचा घाट आईबापांच्या दोन्ही प्रजातींहून वेगळा पडला होता, आणि आकारानं ते फोर्टिस आणि मॅग्निरोस्ट्रिस यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसत होते. मधली जागा आधीही होतीच, पण शेजारी मॅग्निरोस्ट्रिस तेराच उरल्यावर तिथे पाय पसरायला वाव मिळाला. २०१२ मध्ये बिग बर्डची संख्या २३ होती, त्यांत विणीच्या ८ जोड्या.

मूळपुरुषाचा पत्ता बदलतो

२००९ पर्यंतची समजूत अशी होती: ५११० हा फोर्टिस आणि स्कँडेन्स यांचा संकर असावा आणि आठेक किलोमीटरवरच्या सांता क्रूझ बेटावरून उडत आला असावा. तेव्हाच्या जनुकीय खुणांवरून याहून जास्त सांगता येत नव्हतं. मग स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात लाइफ अँडरसन यांच्या गटानं ते जुने रक्ताचे थेंब घेऊन जीनोम वाचले. २०१८ च्या जानेवारीत 'सायन्स' नियतकालिकात निकाल छापून आला. ५११० सांता क्रूझचा नव्हता आणि संकरही नव्हता. तो जिओस्पायझा कोनिरोस्ट्रिस होता, आग्नेयेला शंभराहून जास्त किलोमीटरवर असलेल्या एस्पान्योला बेटावरचा.

मूळपुरुषाचा पत्ताच चुकला, म्हणजे अभ्यास कच्चा, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. पत्ता बदलल्यावर आधी कोडं असलेल्या दोन गोष्टी जागेवर बसल्या. एक, तो इतका थोराड का होता. दुसरी, तो परत का गेला नाही आणि स्वतःच्या जातीची मादी त्याला का मिळाली नाही. घर शंभर किलोमीटर समुद्रापलीकडे आणि बेटावर त्याच्या जातीचं दुसरं कुणी नाही. परक्यांत सोयरीक करणं किंवा बिनलग्नाचं मरणं, एवढेच पर्याय.

तीन पिढ्यांत प्रजाती?

२०१८ च्या निबंधाचा निष्कर्ष असा की एरवी शेकडो पिढ्या घेणारं प्रजननाचं वेगळेपण इथे तीन पिढ्यांत साधलं. बातम्यांत याचं 'डोळ्यांदेखत नवी प्रजाती' झालं. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे.

पाठ्यपुस्तकातली गोष्ट अशी असते: एका प्रजातीचे दोन तुकडे समुद्रानं किंवा डोंगरानं वेगळे पडतात, आपापल्या परिस्थितीत पिढ्यानपिढ्या बदलत जातात, आणि पुन्हा भेटतात तेव्हा एकमेकांना ओळखत नाहीत. डॅफ्नेवर आपण पाहिला तो या गोष्टीचा शेवटचा अंक, पुनर्भेटीचा. आधीचे अंक एस्पान्योलावर हजारो पिढ्यांत, कुणी वही घेऊन बसलेलं नसताना घडून गेले होते. कोनिरोस्ट्रिसची मोठी चोच ५११० नं तीन पिढ्यांत कमावली नाही, ती तो तयार घेऊन आला. मग संकरानं त्या जुन्या भांडवलातून एक नवी जुळणी केली. वेग आहे तो जुळणीचा, घडणीचा नाही. झटपट हवंच असेल तर वनस्पतींकडे पाहावं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात स्पार्टिना या गवताच्या दोन प्रजातींचा संकर झाला. तो वांझ होता, पण त्याची गुणसूत्रं दुप्पट झाली आणि स्पार्टिना अँग्लिका ही वितणारी नवी प्रजाती उभी राहिली. तिथे कुंपण गुणसूत्रांच्या संख्येचं, एका उडीत पडणारं. बिग बर्डमध्ये गुणसूत्रं जितकी होती तितकीच आहेत, म्हणून प्राणिशास्त्रज्ञांना हे प्रकरण अप्रूपाचं.

आता, ही प्रजाती म्हणायची का? एर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये रूढ केलेली कसोटी अशी: आपसात वितणारा आणि इतरांपासून प्रजननाच्या बाबतीत अलग राहिलेला गट म्हणजे प्रजाती. या कसोटीवर बिग बर्ड डॅफ्नेपुरते उतरतात. हा 'पुरते' मात्र जड आहे. एकच बेट, तेवीस पक्षी, आणि एका वाईट उन्हाळ्यात सगळं संपू शकतं. एस्पान्योलाच्या कोनिरोस्ट्रिसची गाठ पडली तर हे तिच्याशी जोडी करतील की नाही, याची परीक्षा झालेलीच नाही. भूफिंचांच्या प्रजातीच मुळात इतक्या वेगळ्या मानाव्यात का, असं विचारणारे पक्षिशास्त्रज्ञही आहेत. म्हणून बिग बर्डला लॅटिन नाव दिलेलं नाही, आणि ग्रँट दांपत्यही सांभाळून 'वंशावळ' असाच शब्द वापरतं. ते मला बरोबर वाटतं. उगवलेल्या रोपाला कुणी वृक्ष म्हणत नाही. पण हे तण नव्हे, रोप आहे, एवढं तरी मान्य करायला हवं. आज ज्या फिंचांना आपण बिनदिक्कत प्रजाती म्हणतो, त्यांतल्या एखादीची सुरुवातही अशीच विशीतल्या आकड्यातून झाली नसेल कशावरून? आणि अशी किती रोपं वाळून गेली असतील, याची नोंद ठेवायला कुठलीच वही नव्हती.

या प्रकरणात निवडीचा वाटा किती आणि नशिबाचा किती, यावर बरीच चर्चा होते. चोच, बिया, दुष्काळ हा निवडीचा भाग. पण एक नर समुद्र ओलांडून नेमका इथे उतरला, त्याला नेमकी संकरित मादी भेटली, त्याच्या गळ्यात इथलं गाणं वाकडं बसलं, आणि चौथ्या पिढीत नर एक आणि मादी एक असेच उरले. यांतलं काहीच चोचीच्या उपयुक्ततेतून निघत नाही. कुंपण घालावं म्हणून निसर्गानं ते घातलेलं नाही.

याचा पुरावा त्याच बेटावर, त्याच काळात आहे, आणि तो बिग बर्डच्या गोष्टीपुढे झाकोळून जातो. निवडुंग फिंचचं एखादं पिल्लू बाप लवकर मेल्यानं किंवा शेजारचा फोर्टिस जास्त मोठ्यानं गात असल्यानं त्याचंच गाणं शिकून बसतं. मोठं झाल्यावर ते फोर्टिसशी जोडी करतं. १९८३ पूर्वी असे संकर फारसे तगत नसत, कारण त्यांच्या मधल्या चोचीला साजेसं खाणं बेटावर पुरेसं नव्हतं. १९८२-८३ च्या एल निन्योनं तिथे धो धो पाऊस आणला, बेट वेलींनी आणि बारीक बियांनी भरून टाकलं आणि संकरांचे दिवस आले. ते जगले, आणि बापाचं जे गाणं शिकले त्याच्या कळपात परतून वितायला लागले. तेव्हापासून डॅफ्नेवरचे फोर्टिस आणि स्कँडेन्स जनुकांनी आणि चोचीनंही एकमेकांकडे सरकत आहेत. एका घरात शिकण्यातल्या चुकीनं भिंत उभी राहिली, दोन पावलांवरच्या घरट्यात तसल्याच चुकीनं जुनी भिंत ढासळते आहे.